साक्षीला धाकटा

मी, वय सेहेचाळीस, अविवाहित, सिस्टरांच्या या रुग्णालयात एकोणीस वर्षे आजाऱ्यांच्या उशाशी बसून त्यांचे ऐकण्याच्या आणि त्यांना हवी असल्यास प्रार्थना म्हणण्याच्या कामावर असलेली, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था लिहून ठेवते. अक्षर हलले आहे ते आनंदाने. भीतीची शंका काढून कोणी हरकत घेऊ नये. आज सकाळी शेवटची तपासणी जुळली! उद्या आठ वाजता माझे एक मूत्रपिंड धाकट्या भावाला बसवतील. सात महिने तो "तुझं काही नको" म्हणत होता. गेल्या महिन्यात "बरं" म्हणाला. (थोडी भीतीही आहे. मृत्युपत्राची सुरुवात खोट्याने नको.)

मूत्रपिंड जिवंतपणी देत असल्याने ते या कागदात धरू नये.

१. माझे घडीचे लाकडी स्टूल माझ्या जागी जी येईल तिला द्यावे. ते एका सुताराने केले आहे. त्या दिवशी खाटा बदलल्या होत्या, यादी मी तपासली नाही आणि फादरना भलत्याच खाटेपाशी नेले. सुतार जागा झाला तेव्हा कपाळावर मरणाऱ्यांना लावायचे पवित्र तेल. "मी गचकलो नाही अजून! आणि तेल लावलंच आहे तर चंपी पण करा." महिन्याने तो हे स्टूल घेऊन आला. म्हणाला, "बाई, तुम्ही उभ्या असलात की निघालेल्या वाटता. बसत जा." अट एवढीच: स्टूल वापरावे, कार्यालयात शोभेला ठेवू नये.

२. माझ्या बावीस वह्या न वाचता जाळाव्यात. त्यांत लोकांनी विश्वासाने सांगितलेले आहे. ते उतरवण्याचा मला हक्क होता का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. हे काम फादरांनी करावे. ते मरणाऱ्यापाशीही पाच मिनिटांत सगळे उरकतात, त्यावरून आमचे अनेकदा वाजले आहे. पाच मिनिटांत बावीस वह्या वाचून होत नाहीत, म्हणून हा भरवसा.

३. आईने माझ्या एकटीच्या नावे केलेले दोन खोल्यांचे घर धाकट्याला द्यावे. घरावरून तो कधी बोलला नाही. त्याचा राग वेगळा आहे. सहा वर्षांपूर्वी आई याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वारली, तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर एका अनोळखी बाईचा हात धरून बसले होते. निरोप आला होता. हात सोडवता आला नाही, की वर जाण्याचा धीर झाला नाही? मी रोज वेगळे उत्तर लिहिले आहे. आई "ताई आली का?" विचारत गेली, हे मला धाकट्याने सांगितले. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतेच बोलला.

इथवर लिहिले आणि तो समोरच्या खोलीतून चपला ओढत आला. स्टुलावर बसून त्याने कागद वाचला. मी कामाच्या सवयीने त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अशी बघत काय बसलीस? मी काय तुझा पेशंट आहे? बोल की काहीतरी!"

"घर तुला देतेय."

"वाचलं. साक्षीदार कोण?"

"वॉर्डच्या सिस्टर. दुसरा शोधतेय."

"मी करतो सही."

"वेड्या, ज्याला काही मिळायचं त्यानेच साक्ष घातली तर त्याचं मिळणं रद्द होतं."

"मग खोड ते. घर माझ्या पोरीला दे."

"अरे, एका सहीपायी घर सोडतोस?"

तो जरा वेळ स्टुलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "ताई, आईपाशी आपल्यातला एकच जण होता. तुझ्या कागदावर तरी दोघं असू दे. आण ते पेन."

माझ्या डोळ्यांतून पाणी आले. "आता कागद नको भिजवूस," म्हणाला, "परत सगळं लिहावं लागेल."

सबब कलम तीनमध्ये "धाकट्याला" हा शब्द खोडून "त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला" असे वाचावे. खाडाखोडीवर तिघांच्या आद्याक्षरी सह्या आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. देवाच्या मनात असेल तर हेही बरीच वर्षे कपाटातच पडून राहील.

ठिकाण: दुसरा मजला, खिडकीजवळची खाट
वार व वेळ: बुधवार, दुपारी चार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिली: वॉर्डच्या सिस्टर (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ (सही). माझ्यादेखत सही झाली. ताई हजर होती.