दादा मला साहेब म्हणाला

तेलगाव, १९९४. मंगळवार, संध्याकाळ

दादानं सरपंचकीचा अर्ज मागं घ्यावा म्हणून आज मीच गेलतो, चार माणसं घेऊन. त्याच्या सूचकाचा पाय कालच मोडायला लावला. वाळू माझी, दारूचे गुत्ते माझे. मग सरपंचकी तरी दुसऱ्याकडं कावून?

दादा भांडला न्हाई. सही केली, हात जोडले. "तुमी म्हणाल तसं, साहेब. फक्त माझ्या पोरींना हात लावू नका."

साहेब! ज्यानं मला खांद्यावर बसवून कपिलधारचा धबधबा दाखवला, तो सख्खा थोरला भाऊ मला साहेब म्हणाला. माझ्याच पुतण्यांना मी हात लावीन, असं वाटतं त्याला?

"न्हाई लावणार," म्हणायला तोंड उघडलं आन् मिटलं. भीती राहिलेली बरी, असं वाटलं.

जेवणाचं ताट सारून हे लिहितोय. त्यानं सही केली नसती, तर मी काय केलं असतं?