तिसऱ्या रांगेतला लेखक

३ मे, सोमवार. सकाळी ६.
आजपासून तीन महिने रजा. पाणीपुरवठा कार्यालयातली तक्रारीची खिडकी सव्वीस वर्षं सांभाळली. आता टीव्हीवरचा विनोद सांभाळायचा. तो कुणीच सांभाळत नाही.

निमित्त गेल्या महिन्यातलं. शनिवारी आठचा हास्याचा कार्यक्रम लागला होता. वीस मिनिटांत एक माणूस पाच वेळा खुर्चीवरून पडला. पाचव्यांदा पडला तेव्हा मी टीव्ही बंद केला. मेहुणा बघत होता. म्हणाला, दाजी, एवढं कळतं तर तुम्हीच लिहा की. बायको आतून म्हणाली, त्यांना लिहायला रजा लागेल. दोघांना वाटलं मी गप्प बसेन. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला.

माझ्यात विनोद आहे हे पाचवीतच दिसलं होतं. गावच्या शाळेत 'मी मुख्याध्यापक झालो तर' हा निबंध होता. मी कुणाकुणाला काढून टाकीन त्याची कारणांसह यादी दिली. वाचून दाखवताना सगळा वर्ग हसला. गुरुजी डोळे पुसत खाली बसले. मी मनापासून लिहिलं होतं, त्यामुळे त्या दिवशी रागच आला. पुढे शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की मी विनोदी आहे.

योजना: स्किट लिहायचं, कार्यक्रमात लागायचं, पडद्यावर नाव आलं की नोकरीचा राजीनामा. ३१ जुलैला रजा संपते, त्याआधी.

संकल्प: रागवायचं नाही. विनोद लिहिणाऱ्याचं मन निवांत हवं. देवासमोर बसून तसं कबूल केलं. चुकून राग आलाच तर इथे नोंद करायची.

सकाळी ७. राग: एकदा. दूधवाला.

६ मे.
स्किट पूर्ण. नाव 'क्षमा'. खिडकीवर एक माणूस तक्रार घेऊन येतो, भांडतो. कारकून त्याला चार शब्द सांगतो. माणसाला पश्चात्ताप होतो. दोघे रडतात. बावीस पानं.

बायकोला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. शेवटी म्हणाली, अहो, हसायचं कुठं ते आधी सांगायचं, माझं लक्ष मटारात होतं.

चोवीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्या एकाही विनोदावर हसलेली नाही. मेहुण्याच्या विनोदांवर हसते. शेजारणीच्या विनोदांवरही हसते. तिला एकदा, फक्त एकदा, माझ्या लिहिण्यावर हसताना बघायचं आहे. तेवढं झालं की देवाकडे आणखी काही मागणार नाही.

राग: एकदा. पण मटार संपेपर्यंत टिकला.

१० मे.
स्किट तीन दिवस देवासमोर ठेवलं होतं. आज घेऊन स्टुडिओवर गेलो. गेटवाला म्हणाला, कागद घेत नाही. मी म्हटलं, हे कागद नाहीत, स्किट आहे. तो म्हणाला, तेच घेत नाही. आणि लेखक आतून येतात, बाहेरून येत नाहीत. या वाक्यावर अजून विचार करतो आहे. मग आतले लेखक पहिल्यांदा आत कसे गेले?

बाजूच्या दाराशी एक बाई शिट्टी घेऊन माणसं मोजत होती. कार्यक्रमाला प्रेक्षक पुरवणं हाच तिचा व्यवसाय. म्हणाली, काका, उद्याच्या शूटिंगला आमच्यातलेच ना? मी हो म्हटलं. घरी येऊन या खोट्याबद्दल देवाची माफी मागितली. पण आत जायचं दार सापडलं.

राग: तीनदा. तिन्ही गेटवाला.

११ मे, मंगळवार.
जे पाहिलं ते लिहायला हात धजत नाही.

दोनशे माणसं बसवली. मला तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची. मंच रिकामा. हेडफोन लावलेला एक इसम पुढे आला आणि म्हणाला, चला, आता हसून घेऊ. कशाला, ते सांगितलं नाही. आधी गालात हसा. मग जोरात. मग शेजारच्याच्या अंगावर पडा. दोनशे माणसं रिकाम्या मंचाकडे बघून हसली. कॅमेरे हे सगळं भरून घेत होते. विनोद नंतर येणार आणि हे हसू त्याला मागून शिवणार.

मी हसलो नाही. विनोद झालेला नसताना हसणं म्हणजे उघड खोटं. हिरव्या ड्रेसमधली शेजारीण माझ्या खांद्यावर पडली आणि कानात म्हणाली, हसा हो, नाहीतर डबा देत नाहीत. खाण्याच्या डब्यासाठी मी तत्त्व सोडत नसतो. मी त्या इसमाकडे तसाच बघत राहिलो.

एक कॅमेरा माझ्यासमोर बराच वेळ थांबला. कॅमेरावाल्याला माझ्यातला लेखक दिसला असावा.

डबा दिला नाही.

१५ मे, शनिवार.
कार्यक्रम पाहिला. तोच माणूस खुर्चीवरून पडला. प्रेक्षक लोळले. आणि मग पडदाभर मी. तपकिरी शर्ट, सरळ पाठ, नजर त्या माणसावर. निदान तसं दिसत होतं.

मेहुणा सोफ्यावरून घसरला. म्हणाला, दाजी, तुम्ही त्याच्याकडे असं बघताय जसं त्याने तुमची चप्पल नेली. बायको गंभीर होती. म्हणाली, हा चेहरा मी रोज बघते, त्यात टीव्हीवर दाखवण्यासारखं काय आहे.

मला अर्थ कळला. त्यांनी मला प्रेक्षक म्हणून नाही, परीक्षक म्हणून दाखवलं.

१७ मे.
प्रेक्षकवाल्या बाईचा फोन. काका, उद्या या. तोच शर्ट, तीच खुर्ची. मी विचारलं, तिथे काय करायचं? म्हणाली, काही करू नका, तुमचं तुम्ही बसा. माझ्या नावावर खुर्ची राखून ठेवली आहे. नव्या माणसाला इतक्या लवकर मान मिळाल्याचं ऐकिवात नाही. शर्ट धुवायला टाकला. बायको म्हणाली, आता हा एकच शर्ट किती वर्षं चालवायचा ते त्यांना विचारून घ्या.

८ जून.
आतापर्यंत पाच शूटिंग. पाचही वेळा मी गंभीर. कॅमेरा पाचही वेळा माझ्याकडे.

आज मुख्य लेखक भेटला. वय जेमतेम तीस, खोलीत बसूनही डोक्यावर टोपी. त्याच्या खोलीत दहा मिनिटं बसलो. भिंतीला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एका चिठ्ठीवर 'पडतो', दुसरीवर 'पुन्हा पडतो'. मी त्याला मागच्या पाच भागांतल्या चुकांची यादी दिली, एकूण एकशे चौदा. तो वाचत असताना त्याचे खांदे हलत होते. रडत असावा. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, सुधारता येईल. त्याने तोंडावर टोपी धरली.

'क्षमा' दिलं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मी कप उचलून बाजूला ठेवला. त्याने परत ठेवला. असं तीनदा झालं. शेवटी मी कपाखाली गेटपास ठेवला.

राग: नोंद सोडली. रकाना पुरत नाही.

१९ जून.
बाजारात त्रास सुरू झाला आहे. किराणावाला म्हणतो, काका, ते एकदा करून दाखवा ना. मी म्हटलं, काय करून दाखवू? तो म्हणाला, हेच, हेच. आणि गिऱ्हाइकांना बोलावलं. मी त्याला चांगलं झापलं. माणसाला लाज असावी, वजनात लक्ष असावं, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किराणावाल्याने साखर फुकट दिली. मी साखर परत केली, त्यावर पुन्हा टाळ्या.

घरी येऊन देवासमोर बसलो. म्हटलं, मला लेखक कर म्हटलं होतं, हे काय करतो आहेस? मग वाटलं, वाट दाखवायची त्याची रीत निराळी असेल. शांत झालो. तेवढ्यात मेहुणा आला.

१३ जुलै.
टोपीवाल्याचा फोन. एक जागा रिकामी पडली आहे, 'क्षमा' घेतो. मी देवासमोर दिवा लावला, मग बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बावीसच्या बावीस पानं?

१६ जुलै.
चार पानं. पश्चात्ताप काढला. रडणं काढलं. बोध काढला. मी विचारलं, मग राहिलं काय? टोपीवाला म्हणाला, खिडकी. मी दोन तास भांडलो. त्याच्या हाताखालचे दोघे माझं बोलणं भराभर लिहून घेत होते. पुढच्या भागांसाठी मार्गदर्शन म्हणून असावं. शेवटी एक वाक्य मी सोडलं नाही. कारकून म्हणतो, 'महाशय, पाणी नळातून जातं, पण माणुसकी कुठून जाते?' या वाक्यावर माझा जीव आहे. तो म्हणाला, ठेवतो काका, रडू नका. मी रडत नव्हतो. डोळे रागाने भरले होते.

नाव पडद्यावर येणार. तसं तो स्पष्ट म्हणाला.

२६ जुलै, सोमवार.
राजीनामा दिला. बायको म्हणाली, आधी नाव दिसू दे, मग द्या, पाच दिवसांचा तर प्रश्न. मी म्हटलं, श्रद्धेला पुरावा लागत नाही. ती म्हणाली, घराला लागतो. मी आधी चप्पल घातली, मग बाहेर येऊन उत्तर आठवत राहिलो.

साहेबांनी राजीनामा दोनदा वाचला. म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केला. त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला आणि मोबाईल काढून म्हणाले, एक फोटो घेऊ का, घरी मुलं मागे लागली आहेत. मी संतापून बघितलं. म्हणाले, वा, अगदी असाच राहा.

२७ जुलै, मंगळवार.
माझ्या स्किटचं शूटिंग. आज मी तिसऱ्या रांगेत बसलो नाही. लेखक रांगेत बसत नाहीत. मागे टोपीवाल्याच्या शेजारी उभा राहिलो, नवा पांढरा शर्ट घालून. प्रेक्षकवाली धावत आली, काका, खुर्ची रिकामी दिसते. मी म्हटलं, दिसू दे.

स्किट सुरू झालं. पहिल्या पानावर कुणी हसलं नाही. चांगलं लक्षण, लोक विचार करत होते. दुसऱ्या पानावर एकजण खोकला. हेडफोनवाल्याने हात वर करून दोनदा खूण केली. हिरव्या ड्रेसवाली शेजारीण डब्यात काय आहे ते बघत होती. चौथ्या पानावर माझं वाक्य आलं. माणुसकीचं. आणि मला हसू फुटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. पोट धरून हसलो. दोनशे माणसं मान वळवून माझ्याकडे बघत राहिली, सगळी गंभीर.

हेडफोनवाला आला आणि म्हणाला, काका, आवाज भरतोय, गप्प राहा.

३१ जुलै, शनिवार. रात्री ९.
आठ वाजता मेहुणा, शेजारचं सगळं घर, किराणावालासुद्धा. बायकोने सगळ्यांना चहा केला आणि माझ्या शेजारी बसली. मी तिच्याकडेच बघायचं ठरवलं होतं. पडद्याकडे नाही.

स्किट लागलं. टीव्हीतले प्रेक्षक खूप हसत होते. हिरव्या ड्रेसवाली शेजाऱ्याच्या खांद्यावर पडली. तो खांदा मी ओळखला. मे महिन्यातला. माझा. खोलीत मात्र कुणी हसलं नाही. किराणावाल्याने बिस्किट बुडवलं.

मग माझं वाक्य आलं. 'महाशय, पाणी नळातून जातं, पण माणुसकी कुठून जाते?'

आणि पडदाभर मी. तपकिरी शर्ट. तिसरी रांग. माझ्याच वाक्याकडे असं बघत होतो की ते लिहिणाऱ्याला समोर उभं करून दोन द्याव्यात.

खोली फुटली. मेहुणा खाली बसला. आणि बायको हसली. आधी तोंडावर हात धरून, मग हात सुटला, डोळ्यांतून पाणी आलं, माझ्या खांद्याला धरून हसत राहिली. चार पानांत मला चार वेळा दाखवलं. ती चारही वेळा हसली.

शेवटी नावं पळाली. लेखक म्हणून टोपीवाला. माझं नाव 'विशेष आभार' खाली, खाण्याचे डबे पुरवणाऱ्याच्या नंतर. मेहुण्याला वाचायला जमलं नाही. मला जमलं.

१ ऑगस्ट.
प्रेक्षकवालीला फोन केला. म्हणाली, काका, आता खुर्ची नाही. तुम्ही मंगळवारी हसलात, दोनशे लोकांनी बघितलं, हसणारा माणूस त्यांना चालत नाही. गेटजवळच्या पानवाल्याचे सासरे बसवले आहेत, खूप कडू चेहरा आहे. मी म्हटलं, पण हसलो तो माझ्या स्किटवर. ती म्हणाली, तेच तर कुणाला कळलं नाही.

२ ऑगस्ट, सोमवार.
साडेनऊला कार्यालयात गेलो. राजीनामा परत घेण्याबद्दल रात्रभर वाक्यं जुळवली होती. साहेब म्हणाले, कसला राजीनामा? खण उघडला. तो तिथेच होता, त्यावर त्यांची चष्म्याची डबी. म्हणाले, खिडकी उघडा, लोक आलेत.

पहिला म्हातारा चार दिवस पाणी नाही म्हणून भांडायला आला होता. खिडकीतून माझ्याकडे बघितलं, तक्रार विसरला, हसत हसत निघून गेला. त्याला हाक मारून परत बोलावलं तर आणखी दोघांना घेऊन आला. दुपारपर्यंत सेहेचाळीस माणसं, नोंदवलेल्या तक्रारी तीन. साहेब म्हणाले, सव्वीस वर्षांत या खिडकीवर इतकं समाधान कधी दिसलं नाही. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्याच्या नळाला अजून पाणी नाही. ते म्हणाले, बघा, बघा, असेच बघा.

तिन्ही तक्रारींशेजारी चौथी मीच लिहिली, म्हाताऱ्याच्या नावाने.

संध्याकाळी बायकोने विचारलं, कसा गेला दिवस. मी नुसतं तिच्याकडे बघितलं. ती ओट्याला टेकली आणि हसायला लागली. मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, काही नाही हो, तुम्ही फक्त हलू नका.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी तिचं हसून होईपर्यंत तसाच उभा राहिलो.