जावईबापूंचं शेवाळ

प्रिय सुन्ना,

तुझं पत्र मिळालं. दवाखान्यात नुसतं पडून राहायचं म्हणजे तुझ्यासारखीला शिक्षाच, पण बाळ होईपर्यंत डॉक्टरीणबाईंचं ऐक. तुझ्या कळपाची काळजी करायला मी आहे.

तुझ्या नवऱ्याने, तोर्ग्रिमने, तुला अर्धंच सांगितलंय. यंदा बर्फावर पाऊस पडला आणि वर कडक गोठलं. जनावरांचा हिवाळ्यातला चारा, खालचं दगडफूल, काचेआड गेल्यासारखं झालं, खणून खणून रेनडिअरच्या माद्या थकल्या. अशा वेळेसाठीच आपण शरदात त्याची पोती भरून ठेवतो. या खेपेला ते काम तोर्ग्रिमने हौसेने अंगावर घेतलं होतं. पांढरट, मऊ असतं ते आण, एवढंच मी सांगितलं, चूक माझीही. पोती सोडली तर आत दलदलीतलं शेवाळ. समुद्रावरचा माणूस, त्याला दोन्ही सारखीच. जनावरांनी हुंगलं आणि खरोखरच नाक मुरडलं. तुझा हेआइकामामा सगळ्यांदेखत म्हणाला, "जावईबापू, हे जनावरांना नाही घालत, तान्ह्या पोरांच्या ढुंगणाखाली घालतात. तुम्ही आपली होडीच सांभाळा." सगळे हसले. मीही हसले, मग त्याचा चेहरा पाहिला. कळप विकून किनाऱ्यावर जायचं त्याने तेव्हाच मनात घेतलं असणार.

घरी आल्यावर मी चुलीपाशी दोन्ही भिजवून त्याच्या हातात दिलं. शेवाळाने फडक्यासारखं पाणी पिऊन घेतलं, पिळल्यावर धार लागली. दगडफूल नुसतं लवचीक झालं. म्हटलं, शेवाळ काढलंस तर थोड्या वर्षांत परत येतं. दगडफूल आज ओरबाडलंस, तर तुझं पोर बाप होईल तेव्हा कुठे भरून येईल. त्याने दोन्ही पुन्हा एकदा पिळून पाहिलं. मग म्हणाला, "सासूबाई, आत्ता चारा कुठे मिळेल ते सांगा."

जुन्या झाडांवर दाढीसारखं लोंबतं ते दगडफूल दाखवलं. डोलकाठीवर चढावं तसा सरसर चढला गं, आपल्यातला एकही असा चढत नाही. खाली पडेल ते माद्यांनी संपवलं. हेआइका बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची दोरी तोर्ग्रिमला आणून दिली.

कळप विकायला माझी संमती मागितलीस. मी देणार नाही, तोर्ग्रिमलाही तसं तोंडावर सांगितलंय. सोबत पाळणा पाठवते आहे. त्यातलं शेवाळ त्या पोत्यांतलंच, काड्या वेचून वाळवलेलं. मामा म्हणाला ते खरंच होतं, बाळाच्या बापाने फक्त थोडी घाई केली. उन्हाळ्यात बाळाच्या पहिल्या वासराच्या कानावर बाळाच्या मालकीची खूण कापायची आहे. सुरी मी तोर्ग्रिमच्या हातात देणार आहे.

तुझीच हट्टी,
आई