टाळूचा दीर्घ ऊकार

३ मार्च
क्षमस्व. दहा महिने वहीला हात लावला नाही. कारण लेक, खरं कारण आळस. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाप झालो, आता शिस्त हवी. रोज लिहीन.
प्रेसमध्ये आरोग्य केंद्राचं पत्रक आलं, तान्ह्या मुलांच्या मेनिंजायटिसवर. तीनदा प्रूफ तपासलं. अकरा चुका. ‘टाळु फुगणे’मधला ऊकार दीर्घ केला. मालक म्हणाले, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. अतिशयोक्ती, पण फार नाही.

९ मार्च, सकाळ
लेकीला ताप. दूध घेत नाही. दात येत असणार. बायको म्हणते, उचललं की किंचाळते, खाली ठेवलं की गप्प. म्हटलं, स्वभाव आजोळावर गेलाय. म्हणाली, आजोळाला ताप येत नाही.

९ मार्च, दुपार
आता शांत. गुंगीतच आहे. विश्रांती हवी होती, मी म्हणतच होतो. उजेडाकडून तोंड फिरवते, म्हणून पडदा ओढला. बायकोनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला : मऊ जागा वर आलीय. म्हटलं, रडून. पण ती रडत नव्हती. संध्याकाळपर्यंत पाहू, म्हटलं. बायको तिला उचलून निघालीसुद्धा. मी चपला शोधतोय.

११ मार्च, हॉस्पिटल
पाठीतलं पाणी तपासलं. मेनिंजायटिस. डॉक्टरबाईंनी विचारलं, टाळू कधीपासून फुगलीय? मी मनात म्हटलं, दीर्घ. मग सगळं पत्रक ओळीनं समोर आलं. ताप, दूध नाकारणे, उचलताच किंचाळणे, गुंगी, उजेड न सोसणे, टाळू फुगणे. यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. तिथला पूर्णविराम माझा.
बायकोला सांगेन. योग्य वेळी.

२ एप्रिल
घरी आलो. लेक हसली. बायकोला सांगायचं राहिलं; दमलीय बिचारी.

१९ एप्रिल
माझ्या हातून ताट पडलं. बायको दचकली, लेक नाही. खेळात दंग. एकाग्रता माझी घेतलीय, म्हटलं. बायकोनं ताट उचललं आणि लेकीच्या पाठीमागे पुन्हा पाडलं.

२४ एप्रिल
कान तपासले. दोन्ही गेलेत.
बायकोला पत्रकाचं सांगितलं. तिनं विचारलं, म्हणजे तू वाचलं होतंस? म्हटलं, वाचलं नव्हतं, तपासलं होतं. म्हणाली, वाचलं असतंस तर कदाचित कान वाचले असते. आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता.
बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, यंत्र मिळेल, वेळ लागेल. तोवर समोर बसून बोला. तिला तुमचे ओठ नीट दिसले पाहिजेत.
उद्या : मिशी काढणे.