दोडक्याच्या साली

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज परत ड्रम. घंटागाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून खानावळीचा ओला कचरा मी नाक्यापर्यंत ओढायचा. रोज दोन ड्रम. पाठ गेली! किनवटवरून एवढ्या लांब पनवेलला हेच करायला आलो का? आत बघितलं तर अर्धी भाजीच — दोडक्याच्या साली, फ्लॉवरचे दांडे, कोथिंबिरीच्या काड्या. आमची आई यातलं काही फेकत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
न विचारता केलं. साली तीळ-लसूण टाकून परतल्या, कुटल्या. दांडे बारीक चिरून रश्श्यात, काड्या वाटणात. चपात्या लाटणारी गंगाबाई म्हणाली, शेठ आता तुझीच चटणी करणार. काशीराम शेठने बोटाने चाखली आणि परत बोट बुडवलं. ड्रम एकच भरला.

१४ फेब्रुवारी, शनिवार
चूक झाली माझी. लोक चटणीसाठी थांबायला लागले. एका मॅडमनी मोबाईलवर टाकलं. दारात फळा लागला — आमच्याकडे भाजीचं काहीच वाया जात नाही. आता सालीसाठी पोतंभर दोडके येतात आणि सोललेले दोडके उरतात. ते कुठे जातात? ड्रममध्ये. परत दोन.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
सिलेंडरवाला प्रितम उरणचा. तो म्हणतो, आमच्याकडे गोडाऊनला माणसं घेतायत, दोन मार्चला ये, आधार कार्ड ओरिजिनल आण. कार्ड पहिल्या दिवसापासून शेठच्या गल्ल्यात. मागितलं.
"देतो की. पण मंग चटणी कोण करील? तुझ्या हाताला चव हाय. ती काय कार्डावर छापलेली नाय."
हसला वर. गल्ल्याची किल्ली त्याच्या करदोट्याला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सोललं. कुटलं. ओढलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
डोकं चाललं. दुसऱ्या कोणाला चटणी आली की मी सुटलो. गंगाबाईला शिकवायला घेतली. साल पातळ काढायची, शिरा मोडेपर्यंत परतायची, तीळ शेवटी. म्हातारी पहिल्याच दिवशी शिकली. माझ्यापेक्षा बरी होते तिची.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
शेठने तिच्या हातची खाल्ली, दोनदा घेतली. मग करदोट्याची किल्ली काढली. कार्ड दिलं, म्हणाला, जा बाबा. मी चार वेळा खिसा चाचपला.

२८ फेब्रुवारी, शनिवार
गंगाबाई सकाळपासून बोलेना. विचारलं तेव्हा कळलं. तिची मुलगी मनिषा चिरनेरला, दिवस भरलेत. शेठने महिन्याची सुट्टी कधीच कबूल केली होती. आता म्हणतो, तू गेलीस तर चटणी कोण करील? गेलीस तर परत येऊ नको.
तेच शब्द! फक्त माणूस बदललं.
तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पीठ मळता मळता एवढंच म्हणाली, "चांगलं शिकवलंस रे बाबा."
पिशवी भरून तयार होती. परत उघडली. उद्याची उरणची गाडी सोडली तर परवाची नोकरी गेली. आणि पकडली तर ही बाई इथे अडकली, माझ्या जागेवर.
बसून राहिलो. वही तेवढी हाताशी होती.

१ मार्च, रविवार
मधलं एक पान फाडलंय. त्यावर चटणी लिहिली — किती साली, किती तीळ, कधी उतरवायची. सातवीतलं अक्षर, पण मोठं काढलं. ओट्याच्या वर चिकटवलं. शेठने वाचलं, खालीवर बघितलं, म्हणाला, "एवढंच हाय?" जरा लागलं मला. मग गंगाबाईला म्हणाला, जा तू मावशी, पोरीकडं. ती गेली.
मी स्टँडवर. निघालो तेव्हा शेठ स्वतः दोडका सोलत होता. साल जाड काढत होता. सांगितलं नाही.