मटिल्डामावशीच्या वाडीतली लढाई

मु. निर्मळ, ११ मार्च १९८१

प्रिय फर्डिनंड,

नरहरीचा मनापासून नमस्कार. बहारीनचे ऊन कसे आहे, पोटाची तक्रार थांबली का, आणि तिकडे पत्र लिहायला कागदच मिळत नाही ही तुझी सबब कितपत खरी आहे, ते सविस्तर कळव. इकडे तुझी आई खुशाल आहे. मीही खुशाल आहे, फक्त माझी वाणी संकटात आहे, आणि माझी सगळी इस्टेट तेवढीच आहे हे तू जाणतोस. सिनेमावाल्यांना तुमच्या वाडीत शिरू द्यावे म्हणून मी तुझ्या आईला, मटिल्डामावशीला, चार शेजाऱ्यांदेखत शब्द दिला होता, की एक जरी केळ आडवी झाली तर नरहरी वर्षभर व्यासपीठावर चढणार नाही. (ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेला तीन आठवडे उरले आहेत. माझ्या नावाची पत्रके छापून झाली आहेत.)

सिनेमा युद्धाचा. जवानांची एक तुकडी झाडीत दबा धरून बसते, एवढाच आमच्या वाट्याचा प्रसंग. दिग्दर्शक दादरचा, शेवग्याच्या शेंगेसारखा. अर्धे निर्मळ तुडवून त्याने तुमचीच वाडी निवडली, कारण तुमच्या केळी दाटीने लावलेल्या. (दाट लावू नका असे मी तुझ्या वडिलांना सांगत असे. कलेच्या दृष्टीने माझी चूक झाली.) त्याचे म्हणणे असे की केळीच्या पानांतून ऊन फाटून येते, जवानाचा अर्धा चेहरा उजेडात राहतो आणि अर्धा काळोखात, आणि ज्या माणसाचा एकच डोळा दिसतो त्याच्या दुसऱ्या डोळ्याची प्रेक्षकाला काळजी लागते.

तुकडीचा हवालदार मी. तेव्हा लढाईपूर्वी जवानांना चेतवणारे भाषण हवेच, म्हणून चार पाने लिहून नेली. दिग्दर्शकाने ती वाचली, अक्षराचे कौतुक केले, आणि जमीन ओली होती म्हणून घडी घालून कॅमेऱ्याच्या पायाखाली ठेवली. ("मातृभूमी" हा शब्द चिखलात रुतलेला मी या डोळ्यांनी पाहिला.) मी त्याला अर्धा तास सुनावले, की वसईच्या किल्ल्यापासून आजवर एकही फौज मुक्याने लढलेली नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मला कॅमेऱ्याच्या भोकाशी बसवले. आधी लांबून सगळी वाडी, त्यात सात माणसे मुंग्यांएवढी. मग कॅमेरा थेट जमिनीवर, म्हणजे पानांचे छप्पर डोक्यावर येते आणि पळायला वाट उरत नाही. मग नुसती हनुवटी. मग बंदुकीच्या घोड्यावरचे एक बोट. पडद्यावर प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा कमी वेळ राहणार. आणि शत्रू दिसणारच नाही, फक्त वारा पडलेला असताना लांबचे एक पान हलेल. शत्रू दाखवला की तो एक माणूस असतो, फर्डिनंड. नाही दाखवला तर सगळी वाडी शत्रू होते. मी, ज्याने शब्दांच्या जोरावर सभा उठवल्या आणि बसवल्या, त्या भोकाशी बसून घामाघूम झालो. मी मत बदलले. (हे कोणाला सांगू नकोस.)

पण आपली फौज कोणाची? बागायतदारांची. पहिल्या खेपेला सगळे निश्चल पडलेले, कॅमेरा प्लासिडच्या बोटाकडे सरकतोय, तेवढ्यात पाटाचा बांध फुटला आणि पाणी भलत्या आळ्यात शिरू लागले. प्लासिडने शत्रूवरची नजर न काढता डाव्या हाताने चिखल ओढून भोक बुजवले. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. प्लासिड म्हणाला, "साहेब, लढाई संध्याकाळी पण होईल. पाणी आत्ता चाललंय." दुसऱ्या खेपेला काळूरामला केळ्यांच्या घडाचे एक लोंगर फार कलल्यासारखे वाटले. जवळ बांबू नव्हता, म्हणून त्याने बंदुकीचाच टेकू दिला आणि हात जोडून शत्रूची वाट पाहू लागला.

तिसऱ्या खेपेला मात्र सगळे जमले. पाणी वळते, लोंगरे सरळ, सात माणसांचा श्वास एक. वारा पडलेला. ऊन माझ्या एकाच डोळ्यावर. आणि लांबचे ते पान हलले. ते हलणार हे मला ठाऊक होते, कोण हलवणार हेही ठाऊक होते, तरी माझ्या आत काहीतरी तुटले. मी "हल्ला" अशी आरोळी ठोकून उठलो, धावलो, पाटात पाय अडकला, आणि समोरच्या केळीला मिठी मारून तिच्यासकट खाली आलो. पानाआडून चहाची किटली घेऊन मटिल्डामावशी बाहेर आली. तिने केळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "नरहरी, लागलं नाही ना?" मी नाही म्हटले. "बरं झालं. आता तोंड मीट." दिग्दर्शक मात्र खुशीत होता. आरोळी काढून टाकून तो तुकडा तसाच ठेवणार म्हणतो.

सर्वांना यथायोग्य.

तुझा,
नरहरी

ता. क. तयार झालेले लोंगर उतरवले की केळ आपण कापतोच, तेव्हा ती पडली असे कोणी म्हणत नाही. "ती केळ मी जातानाच काढायला सांगितली होती" एवढी एक ओळ आईला तारेने कळव. व्याख्यानमालेच्या आत पोचली पाहिजे.

ता. क. २. लोंगर अजून कोवळे होते हा मुद्दा तारेत नको. इंग्रजी पत्ता घालण्यासाठी हे पत्र तुझ्या बहिणीकडे, रेजिनाकडे, देत आहे. ती दुसऱ्यांची पत्रे वाचत नाही.

(रेजिनाच्या अक्षरात:) दादा, आई सांगते तसं लिहिते. एक नाही, तीन केळी पडल्या. एकीने दुसरीला नेलं, दुसरीने तिसरीला. तार करू नकोस. नरहरी रोज चहाला येतो, बशीतून पितो, काही न बोलता घरी जातो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा चहा गरम असताना संपतो. वर्ष पुरं होऊ दे.