बडीशेपेची पुडी

२४ नोव्हेंबर १९९९
दिवाळीची सुट्टी संपली. तालुक्याहून व्यसनमुक्तीची पोस्टर्स आली – बारा. बाराही सारखी: इंजेक्शनची सुई, मागे कवटी. नववीतली सावळी नावाची मुलगी बराच वेळ पाहत उभी राहिली. मग विचारलं, "बाई, ताप आला तरी सुई नाय घ्यायची?"
इथली पोरं खातात ती गुटख्याची पुडी. ती कुठल्याच पोस्टरवर नाही.

२६ नोव्हेंबर
मुख्याध्यापकांना म्हटलं, ही पोस्टर्स लावून उपयोग नाही. म्हणाले, "मग तुम्ही लिहा काहीतरी. एम.ए. मराठी ना तुम्ही!" जानेवारीअखेर शहापूरला पथनाट्यांची स्पर्धा आहे.
काम आलं अंगावर.

३० नोव्हेंबर
लिहिलं. उपदेश सगळा कापला. उरला पुडी खाणारा बंड्या आणि त्याची मस्ती. शेवटी पुडीने जबडा आखडतो, त्याचं तोंडच उघडत नाही.
बंड्याचं काम एकही मुलगा घेईना. शिक्षकांसमोर पुडी खायची कशी! दहावीतली नम्रता उठली. "मी होते बंड्या." रिकाम्या पुडीत बडीशेप भरून दिली.

८ डिसेंबर
वैशाखरे. पहिला प्रयोग. नम्रताने पुडी फाडून तोंडात रिकामी केली, तोच पुढून कुणी ओरडलं, "बडीशेप खातंय रे! जेवून आलाय वाटतं बंड्या!" सगळे हसले. तोंड मिटतं तिथेही हसले.
परतताना जीपमध्ये नम्रता शेजारी होती. मी म्हटलं, खरं वाटलं पाहिजे. एवढंच म्हटलं.

१५ डिसेंबर
तानसा. आज बडीशेपेवरून कुणी हसलं नाही. गुटख्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता. मला कळलं. थांबवलं नाही.
प्रयोग फार चांगला झाला.

१६ डिसेंबर
तिला म्हटलं, पुन्हा असं नको. "नाय बाई." बडीशेपेची नवी पुडी तिच्या हातात दिली आणि विषय संपवला.

२० डिसेंबर
फाटकाबाहेर पोरं बंड्याची वाक्यं म्हणतात. "दोस्ता, आधी पुडी, मग गोडी!" – मी लिहिलेलं वाक्य. तोंड मिटण्याचा प्रवेश कुणालाच पाठ नाही. टपरीवाला जयराम हात जोडून म्हणाला, "बाई, अजून एक नाटक लिवा ना. धंदा वाढलाय." चेष्टा असावी.
थकले.

४ जानेवारी २०००
आज तालीम नव्हती, प्रयोग नव्हता. नम्रता मागच्या बाकावर, गाल फुगलेला. "टाक ते." खिडकीतून थुंकली – थेट बंड्यासारखी. पोरी हसल्या.
मधल्या सुट्टीत तिच्या डब्यात नुसता भात. भाजी का नाही?
"तिखट झोंबतं, बाई. तोंड पोळतं."
व्यसनमुक्तीच्या पत्रकात तोंड आखडण्याचं पहिलं लक्षण हेच दिलं आहे. पत्रकं मीच वाटली होती. तिलाही.

५ जानेवारी
तिला बसवून सगळं सांगितलं. ऐकत होती – वर्गात व्याकरण ऐकतात तसं. "स्पर्धा झाली की सोडते." आईला सांगते म्हटल्यावर मात्र एकदम रडली. "आईला नको! शाळा बंद करील."
दिवसभर याचाच विचार. सांगितलं तर शाळा जाते. नाही सांगितलं तर तोंड.

६ जानेवारी
मला सांगावं लागलंच नाही. तिची आई कमळबाई स्वतःच आली, वालाच्या शेतातून तशीच, पायाला माती. दप्तरात रिकाम्या पुड्या सापडलेल्या.
"मी बारा वरसांची होते तवापासून मशेरी लावते. ते येगळं. बायका लावतातच. पन पोरीच्या जातीनं पुडी खायची? ही म्हनते, नाटकाला लागते, बाईंनीच सांगितलंय. खरं का वो? नाटकाचं असंल तर आमी काय बोलत नाय. नायतर शाळा पुरे झाली. मामा लग्नाचं इचारतोच हाय."
नम्रता दाराशी उभी होती. बघत होती जमिनीकडे.
पुढचं आज लिहवत नाही.

७ जानेवारी
काल मी हो म्हणाले.
आज नम्रताने माझ्यासमोरच पुडी फाडली.